शालेय वाङ्मयविवेचनाची आखणी आणि साधने : नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात

माध्यमिक शाळेतील विद्यार्थी वाङ्मयाविषयी जे लिहितो त्याचे दोन प्रकार वेगळे करून पाहावयास हवेत. पहिला प्रकार रसग्रहणाचा. २०१८ साली आलेल्या इयत्ता दहावीच्या 'कुमारभारती'बरोबर हा प्रकार महाराष्ट्रातील प्रत्येक शाळेत रूढ झाला. दिलेल्या काव्यपंक्ती वाचावयाच्या आणि आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य व भाषिक वैशिष्ट्ये या तीन अंगांनी त्यांविषयी थोडक्यात लिहावयाचे, असे त्याचे स्वरूप आहे. दुसरा प्रकार विवेचनात्मक निबंधाचा. त्यात कलाकृती विद्यार्थ्याने निवडावयाची असते, तिच्यासंबंधी एखादा प्रश्न त्यानेच उपस्थित करावयाचा असतो आणि त्या प्रश्नाचे उत्तर कलाकृतीतील पुराव्यानिशी सिद्ध करून दाखवावयाचे असते. अमेरिकेतील हायस्कुलांतून असा निबंध नेहमी लिहून घेतला जातो. आंतरराष्ट्रीय पदविकेच्या अभ्यासक्रमात तर चार हजार शब्दांपर्यंतचा प्रबंधिकावजा निबंध सक्तीचा आहे. आपल्याकडे त्याला स्वतंत्र स्थान नाही. तो आढळलाच तर अंतर्गत मूल्यमापनाच्या वीस गुणांतील 'प्रकल्प' म्हणून आढळतो, आणि तो प्रकल्पही बहुधा लेखकाचे छायाचित्र, जन्मतारीख व ग्रंथांची यादी यांनीच भरलेला असतो.

याचा परिणाम विद्यापीठीय पातळीवर दिसतो. पदव्युत्तर वर्गात आलेल्या विद्यार्थ्यापुढे लघुप्रबंधाचा विषय ठेवला की तो प्रथम विचारतो, 'या विषयावर पुस्तक कोणते आहे?' कलाकृती हेच त्या विषयाचे पहिले पुस्तक होय, ही गोष्ट पंधराव्या वर्षी सांगितली गेली असती तर बाविसाव्या वर्षी सांगावी लागली नसती. प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच की, नववी ते बारावीच्या विद्यार्थ्याने असा निबंध लिहावयाचे ठरविल्यास त्याची आखणी कशी करावी, साधने कोठून मिळवावीत आणि नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांतील विद्यार्थ्याजवळ असे कोणते साधन आहे की जे इतरांस सहजी मिळणारे नाही.

परिसराचा विचार करताना 'लातूर पॅटर्न'चा उल्लेख टाळता येत नाही. शालान्त आणि प्रवेश परीक्षांत या पद्धतीने जे यश मिळविले ते कमी लेखण्याचे कारण नाही. लहान गावांतील कित्येक मुलांमुलींस वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांचे दरवाजे तिने उघडून दिले. परंतु तिचे तत्त्व असे की, प्रश्न बाहेरून येतो, त्याचे बिनचूक उत्तर अगोदरच ठरलेले असते आणि सरावाने ते उत्तर कमीत कमी वेळात देता येऊ लागते. पदार्थविज्ञानातील उदाहरणास हे तत्त्व लागू पडते. वाङ्मयविवेचनात मात्र प्रश्न सापडणे हेच अर्धे काम असते आणि उत्तर लिहिणाऱ्यासही ते आरंभी ठाऊक नसते. मार्गदर्शिकेतील तयार रसग्रहण पाठ करणारा विद्यार्थी गुण मिळवितो, यात शंका नाही. पण 'कवीने प्रभावी शब्दांत भावना व्यक्त केल्या आहेत' हे वाक्य तो कोणत्याही कवितेविषयी लिहू शकतो, आणि जे वाक्य कोणत्याही कवितेस लागू पडते ते कोणत्याच कवितेविषयी काही सांगत नाही. अलीकडे मोबाइल फोनवर क्षणार्धात मिळणारे यंत्रलिखित उत्तरही याच जातीचे असते. (लातूरच्या शिक्षणविषयक लौकिकाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे आणि जे पुढे १९९४ साली स्थापन झालेल्या नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, त्या डॉ. जनार्दन वाघमारे यांचे स्वतःचे अभ्यासक्षेत्र अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे साहित्य हे होते. लातूरात बसून हार्लेमच्या वाङ्मयाचा अभ्यास होऊ शकतो, हे ध्यानी ठेवण्याजोगे आहे.)

नांदेडची दुसरी परंपरा विवेचनाला अधिक जवळची आहे. नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) हे पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक व पुढे प्राचार्य झाले. तत्पूर्वी ते नांदेडच्याच प्रतिभा निकेतन या शाळेत शिक्षक होते. 'रिचर्डसची कलामीमांसा' हा त्यांचा ग्रंथ ज्या इंग्रज समीक्षकाविषयी आहे, त्या आय्. ए. रिचर्डसने केंब्रिज येथे केलेला एक प्रयोग शाळेच्या वर्गातही करून पाहता येण्याइतका साधा आहे. रिचर्डसने विद्यार्थ्यांना कवींची नावे व काळ न सांगता कविता वाचावयास दिल्या आणि त्यांच्यावरील अभिप्राय लेखी मागविले. १९२९ साली त्याने ते अभिप्राय वर्गवारीसह ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. सुशिक्षित वाचकसुद्धा कवितेचा साधा वाच्यार्थ चुकवितात, स्वतःच्या आठवणी कवितेवर लादतात, एखादा शब्द दिसताच ठरीव भावना उसनी आणतात, असे त्याला आढळून आले. नाव झाकले म्हणजे वाचकाजवळ कवितेखेरीज काहीच उरत नाही. आणि तेथूनच वाचनाला सुरुवात होते.

हा प्रयोग नारायण सुर्वे यांच्या 'दोन दिवस' या कवितेवर करून पाहावा. ही कविता 'कुमारभारती'त आहे. सुर्वे यांचे नाव दिसताच विद्यार्थी 'कामगार कवी' हे विशेषण लिहितो, त्यांच्या पोरकेपणाची व गिरणीतील श्रमांची हकिगत सांगतो आणि कवितेचे विवेचन झाले असे मानतो. ती हकिगत खरीच आहे. परंतु ती कवीविषयीची आहे. नाव झाकून कविता दिली तर विद्यार्थ्याला शब्दांकडे पाहणे भाग पडते. मग त्याच्या ध्यानात येते की, या कवितेत 'हिशोब' आहे आणि 'गहाण' हा शब्दही आहे. म्हणजे श्रमाविषयीच्या या कवितेत देण्याघेण्याची, सावकाराच्या वहीची भाषा आहे. त्याचप्रमाणे हातांचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो आणि दर खेपेस त्या हातांचे काम बदलत जाते. आता एक प्रश्न तयार झाला : आयुष्य मोजण्यासाठी या कवितेने कर्जाच्या व्यवहारातील शब्द का घेतले असावेत, आणि गहाण पडलेले हात अखेरपर्यंत गहाणच राहतात काय? हा प्रश्न चरित्रातून निघालेला नाही. त्याचे उत्तर कवितेत शोधता येते, आणि दोन विद्यार्थ्यांची उत्तरे भिन्न निघाली तरी कोणाच्या बाजूने पुरावा अधिक आहे हे वर्गात पडताळून पाहता येते. चरित्राची माहिती यानंतर अवश्य मिळवावी. प्रश्न हाती असल्यामुळे त्या माहितीतील कोणता भाग उपयोगी व कोणता निरुपयोगी हे आता विद्यार्थ्यास कळू शकते.

विषय आणि प्रश्न यांतील हा भेद आखणीचा पाया होय. 'ग्रामीण कथेतील शेतकरी' हा विषय झाला. त्यावर लिहू लागलेल्या मुलाला कोठे थांबावे हे कळत नाही, आणि अखेर तो शेतकऱ्याच्या दैन्यावर निबंध लिहितो. भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' ही कथा घ्यावी. लेखक लातूरला लागून असलेल्या कळंब तालुक्यातील. ही कथा दहावीच्या पाठ्यपुस्तकातून एका पिढीच्या परिचयाची झालेली आहे. टोमॅटोचा भाव कोसळल्यावर बाजारात आलेला शेतकरी बाप आपलाच माल पायांखाली तुडवितो, हे दृश्य ज्याने एकदा वाचले तो विसरत नाही. या कथेविषयी 'शेतकऱ्यावर अन्याय होतो' असे लिहिणे म्हणजे कथा न वाचताही लिहिता येण्याजोगे लिहिणे होय. त्याऐवजी असे विचारता येईल : घडते ते बापाच्या बाबतीत, पण ते दिसते मुलाच्या नजरेतून, तर मुलाला जे पुरते उमगत नाही ते वाचकाला कोणत्या तपशिलांतून उमगते? किंवा असे : शीर्षकातील दोन शब्दांपैकी 'चिखल' हा शेतकऱ्याच्या नित्य परिचयाचा, त्याच्या पिकाचा आधार; तोच शब्द बाजाराच्या जागी आल्यावर त्याचा अर्थ काय होतो? पहिल्या प्रश्नासाठी विद्यार्थ्याने कथा पुन्हा वाचून, मुलगा काय पाहतो, काय ऐकतो आणि कशाविषयी गप्प राहतो याची तीन रकान्यांत नोंद करावी. दुसऱ्यासाठी माती, पाणी, रंग यांच्याशी निगडित सर्व शब्द पृष्ठांकासह टिपून घ्यावेत. हे काम यांत्रिक वाटेल. परंतु अशा यादीत जे अनपेक्षित निघते तेच निबंधाचे खरे भांडवल असते, हा नेहमीचा अनुभव आहे.

प्रश्न योग्य आहे की नाही याची एक साधी कसोटी सांगता येईल. त्याचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' एवढ्यात संपत असेल, किंवा त्यासाठी लेखकाच्या मनातील हेतू ठाऊक असावा लागत असेल, किंवा कलाकृती न उघडता उत्तर देता येत असेल, तर तो प्रश्न सोडून द्यावा.

येथे पाठ्यपुस्तकासंबंधी एक सूचना आवश्यक आहे. पाठ्यपुस्तकातील गद्य पाठ पुष्कळदा मूळ ग्रंथातील वेचा असतो. तो विद्यार्थ्यांच्या वयाचा व पृष्ठसंख्येचा विचार करून संपादित केलेला असतो. तेव्हा निबंधासाठी मूळ ग्रंथ मिळविणे हे पहिले संशोधन होय. मूळ पाठ व पाठ्यपुस्तकातील पाठ शेजारी ठेवून काय वगळले गेले, कोणता शब्द बदलला गेला एवढे जरी नववीच्या विद्यार्थ्याने नोंदविले, तरी ते स्वतंत्र निरीक्षण ठरते. विशेषतः संवादांतील बोलीरूपे बदललेली आहेत काय, हे पाहावे.

बोलीचा विषय निघाल्यावर थोडे थांबून विचार केला पाहिजे, कारण नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्याचे विशेष साधन ते हेच. 'तुमची भाषा अशुद्ध आहे' हे वाक्य या भागातील मुलांनी शाळेत इतक्या वेळा ऐकलेले असते की, आपल्या भाषेचे ज्ञान हा पुरावा होऊ शकतो, ही कल्पनाच त्यांना शिवत नाही. उदाहरणादाखल 'करू लागणे' हा प्रयोग पाहावा. प्रमाण मराठीत 'तो काम करू लागला' याचा अर्थ त्याने कामास आरंभ केला असा होतो. नांदेड-लातूरकडे 'काय करू लागलास?' याचा अर्थ 'काय करतो आहेस?' असा असतो. जलद बोलण्यात त्याची 'करूलालास' अशी रूपे ऐकू येतात आणि लातूरकडे 'करायलास', 'करायलाय' अशी. येथे क्रियेचा आरंभ अभिप्रेत नसून ती चालू आहे हे अभिप्रेत आहे. आता या भागातील एखाद्या कथेत दारात आलेला माणूस आतल्या बाईला 'काय करू लागलीस?' असे विचारतो असे समजू. बाहेरचा वाचक 'हे काय आरंभिले आहेस?' असा जाबाचा सूर त्यात वाचण्याचा संभव आहे. येथल्या मुलाला ठाऊक असते की, ही साधी चौकशी आहे. दोन वाचनांत त्या दोन पात्रांचे नातेच निराळे होते. ही गोष्ट मार्गदर्शिकेत लिहिलेली नसते. ती लिहिण्याचा अधिकार त्या मुलाचा आहे.

शब्दांचेही तसेच. नांदेड, परभणी, हिंगोली या भागांत 'आखाडा' म्हणजे शेतातील वस्तीची व गुराढोरांची जागा. अन्यत्र हा शब्द ऐकताच कुस्तीचा हौदा किंवा बैराग्यांचा मठ डोळ्यांपुढे येतो. 'बाप रात्री आखाड्यावरच राहिला' या वाक्यात बाप पैलवान नाही, बैरागीही नाही; तो पिकाच्या व जनावरांच्या राखणीला आहे. 'मोंढा' हा असाच शब्द. मराठवाड्यात शेतमालाच्या घाऊक बाजाराला मोंढा म्हणतात. मोंढ्याबरोबर आडत, हमाली, तोलाई, शेवटी आडत्याने हाती दिलेली पट्टी, हा सगळा व्यवहार या शब्दामागे उभा असतो. कथेतील पात्र मोंढ्यावरून परतले आणि त्याने पट्टी खिशातून बाहेर काढलीच नाही, तर त्या न काढण्याचा अर्थ शेतकऱ्याच्या घरातील मूल न सांगता ओळखते. निबंध लिहिताना मात्र त्याने तो सांगितला पाहिजे. आपल्याला जे उघड वाटते ते वाचकालाही उघड असेल असे गृहीत धरून येथील विद्यार्थी आपला सर्वांत बळकट पुरावा लिहावयाचाच राहून देतात.

उलट बाजूचा धोकाही आहे. स्वतःच्या गावचा अर्थ लेखकाच्या गावी लागू पडेलच असे नाही. लातूरच्या मुलाने 'आखाडा' हा शब्द आपल्या गावी या अर्थाने चालतो काय, हे विचारून पाहिल्याशिवाय त्याच्या आधाराने लिहू नये. वेगवेगळ्या वयांच्या व शक्य तर वेगवेगळ्या समाजांतील निदान तीन व्यक्तींना विचारावे. शब्दाचा अर्थ सरळ विचारण्याऐवजी तो शब्द असलेले वाक्य बोलून दाखविण्यास सांगावे. अर्थ विचारला की माणूस सावध होतो व पुस्तकी उत्तर देतो. आजी-आजोबांच्या पिढीजवळ निजामी राजवटीतील कचेरीचे पुष्कळ शब्द अद्याप असतात. परभणीचे बी. रघुनाथ (१९१३–१९५३) यांच्यासारख्या, त्या राजवटीत हयात घालविलेल्या लेखकाचे गद्य वाचताना ही पिढी कोशापेक्षा लवकर उपयोगी पडते. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, हे या शब्दसंग्रहाचे कारण होय.

याच इतिहासामुळे एक उणीवही राहिली आहे. ग्रिअर्सनने केलेल्या भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. परंतु त्या पाहणीचे प्रत्यक्ष काम हैदराबाद संस्थानात झालेच नाही. साहजिकच पुणे, कोकण, वऱ्हाड, नागपूर येथील बोलींचे जसे नमुने त्यात आहेत तसे नांदेड-लातूरचे नाहीत. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण केले असून त्यातील ध्वनिमुद्रित नमुने जालावर ऐकता येतात. शाळेत एकच संगणक असला तरी वर्गाला हे नमुने ऐकविता येतील. आपल्या घरची भाषा संशोधनाच्या संग्रहात ठेविलेली ऐकल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसते त्याचे मोल कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक.

कोशांपैकी दोन कोश शालेय विद्यार्थ्याने वापरावयास शिकलेच पाहिजेत. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळातले. दोन्ही आता जालावर शोधता येतात. शब्दाचा अर्थ ठाऊक असला तरी कोश पाहावा. कोशात दिलेला अर्थ, गावात मिळालेला अर्थ आणि कलाकृतीत लागू पडणारा अर्थ हे तीन क्वचितच तंतोतंत जुळतात, आणि ते जेथे जुळत नाहीत तेथे लिहिण्यासारखे काही असते. लेखक व वाङ्मयप्रकार यांच्या माहितीसाठी मराठी विश्वकोश आहे. तो आता विनामूल्य उपलब्ध असल्याने, माहिती मिळत नाही ही सबब उरलेली नाही.

ग्रंथालयांची स्थिती सर्वत्र सारखी नाही. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार अनुदान मिळविणारी वाचनालये तालुक्यांच्या गावांतून आहेत. त्यांत कथा-कादंबऱ्या बऱ्यापैकी मिळतात, समीक्षा कमी. समीक्षाग्रंथ व जुनी नियतकालिके पाहावयाची तर नांदेड व लातूरच्या महाविद्यालयांची ग्रंथालये गाठावी लागतात. शाळेच्या मुख्याध्यापकांचे पत्र घेऊन, शिक्षकासह, ठरलेल्या दिवशी चार-पाच विद्यार्थी गेले तर बसून वाचण्यास सहसा कोणी हरकत घेत नाही. जाताना कोणती पुस्तके पाहावयाची त्यांची यादी व निबंधाचा प्रश्न लिहून न्यावा. अन्यथा दिवस कपाटे पाहण्यात जातो.

समीक्षा केव्हा वाचावी, हा मुद्दा क्रमाचा असला तरी महत्त्वाचा आहे. कलाकृती दोनदा वाचून, प्रश्न ठरवून, पुराव्याची टिपणे काढून आणि उत्तराचा कच्चा मसुदा एका परिच्छेदात लिहून झाल्यावरच समीक्षा वाचावी. आधी वाचली तर विद्यार्थी समीक्षकाच्या डोळ्यांनीच कथा वाचतो. आणि समीक्षक कुरुंदकरांसारखा समर्थ असेल तर त्या प्रभावातून बाहेर पडणे प्रौढांनाही कठीण जाते. मसुदा हाती असताना वाचली तर आपले कोठे जुळते, कोठे जुळत नाही, हे दिसते आणि मतभेदाचे धैर्य राहते. 'धार आणि काठ' या कुरुंदकरांच्या ग्रंथात मराठी कादंबरीच्या वाटचालीसंबंधीचे विवेचन आहे. ते बारावीच्या हुशार विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचे नाही. मात्र त्यातील निर्णय उचलण्यापेक्षा, तो निर्णय देण्यापूर्वी त्यांनी कादंबरीतील कोणती गोष्ट पुढे केली, हे पाहण्यात अधिक लाभ आहे.

सामाजिक पार्श्वभूमीची माहिती याच टप्प्यावर यावी. 'लाल चिखल'साठी शेतमालाच्या रास्त भावाचा प्रश्न समजून घेणे उपयुक्त आहे. १९८० च्या सुमारास शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने कांदा व ऊस यांच्या भावासाठी केलेली आंदोलने, त्या काळची वृत्तपत्रे, स्वतःच्या घरातील जुन्या पट्ट्या ही सारी साधनेच होत. तथापि या माहितीला निबंधात एक परिच्छेद पुरे. तिचे तीन परिच्छेद झाले की निबंध अर्थशास्त्राचा होतो आणि कथा उदाहरणापुरती उरते. परीक्षकही अशा निबंधाला 'अभ्यासपूर्ण' म्हणून चांगले गुण देतात, ही खेदाची गोष्ट आहे.

वेळेचा हिशेब असा बसविता येईल. दीड हजार शब्दांच्या निबंधासाठी सहा आठवडे धरावेत. त्यांतील पहिले तीन वाचन, टिपणे व प्रश्न यांतच जाऊ द्यावेत. शिक्षकास हा काळ रिकामा गेल्यासारखा वाटतो, परंतु घाईने ठरविलेला प्रश्न पाचव्या आठवड्यात बदलावा लागतो. चौथा आठवडा ग्रंथालय, कोश व विचारपूस यांचा. उरलेले दोन लेखनाचे. टिपणे सुट्या कागदी पत्रिकांवर घ्यावीत. एका पत्रिकेवर एकच नोंद असावी. वर पृष्ठांक, मध्ये लेखकाचे शब्द अवतरणचिन्हांत आणि खाली स्वतःचे मत निराळ्या शाईने. हा शाईचा भेद क्षुल्लक नाही. महिन्यानंतर कोणते वाक्य आपले व कोणते दुसऱ्याचे हे आठवत नाही, आणि अजाणता झालेली उचलेगिरी बहुधा येथेच होते. पत्रिका जमल्या की त्या टेबलावर पसरून गटांत लावाव्यात. जो गट सर्वांत मोठा होईल तोच सर्वांत महत्त्वाचा, असे मात्र समजू नये.

यानंतर आराखडा. आरंभी प्रश्न व त्याचे संक्षिप्त उत्तर; पुढे प्रत्येक परिच्छेदात एक विधान, त्याचा पुरावा आणि त्या पुराव्यातून ते विधान कसे निघते याचे स्पष्टीकरण. शालेय निबंधांत पहिल्या दोन गोष्टी असतात, तिसरी गाळली जाते. विद्यार्थी अवतरण देतो व पुढे जातो; जणू अवतरण स्वतःच बोलणार आहे. अवतरण लहान घ्यावे, शक्य तर एखाद्या शब्दाचेच, आणि त्यावर अवतरणाच्या दुप्पट तरी लिहावे. विरुद्ध जाणारा पुरावा सापडला असेल तर तो लपवू नये. 'दोन दिवस' कवितेत केवळ कर्जाची भाषा आहे असे मांडू पाहणाऱ्याला हातांच्या उंचावण्याची दखल घ्यावीच लागेल. ती घेताना त्याचे मूळ उत्तर थोडे बदलेल, आणि बहुधा सुधारेल. लेखकाचे चरित्र आरंभी देण्याची रूढी मोडावी. प्रश्नाच्या ओघात ज्या ठिकाणी ते लागेल त्या ठिकाणी दोन ओळींत द्यावे.

निबंधाची भाषा प्रमाण मराठी असावी, पण पुरावा म्हणून आलेली बोलीरूपे जशीच्या तशी लिहावीत. ती 'शुद्ध' करून लिहिली की पुरावाच नाहीसा होतो. ज्यांच्याकडून शब्द मिळविले त्यांचीही नोंद ग्रंथाप्रमाणेच करावी. नाव देण्याची गरज नाही, किंबहुना परवानगीवाचून देऊ नये. वय, गाव, व्यवसाय, विचारल्याची तारीख आणि त्यांनी बोलून दाखविलेले वाक्य एवढे पुरे. उदाहरणार्थ : 'शेतकरी स्त्री, वय सुमारे सत्तर, तालुका मुखेड', आणि पुढे तिचे वाक्य. अशा पत्रिका निबंध तपासून झाल्यावर टाकून देऊ नयेत. शाळेच्या ग्रंथालयात एका पेटीत अकारविल्हे लावून ठेवाव्यात. पुढच्या वर्षीचा विद्यार्थी ती पेटी उघडील तेव्हा त्याला कोशात न सापडलेला एखादा शब्द तेथे सापडण्याचा बराच संभव आहे.